वामनगुरुजींची वही आणि आम्ही काल्पनिक माणसं

मंडळी, जरा पुढं सरकून घ्या. दारात उभे आहेत त्यांनाही आत येऊ द्या. नंदनवनच्या या शाळेचा हॉल आजवर इतका भरला नसन.

मले बोलता येत नाही. मी वासुदेव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर असतो. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, अन् इथं म्हणतात हळू बोला. वामनगुरुजी गेले त्याले आज बारा दिवस झाले. रडून मोकळं व्हावं म्हणून आलो होतो. पण आताच अध्यक्षसाहेबांचं भाषण ऐकलं अन् माह्यं रडू आटलं. साहेब म्हणाले, 'वामनराव माझ्या पुस्तकाचे प्रामाणिक लेखनिक होते.' लेखनिक! मायबाप हो, मी आता रागातच बोलीन. समजून घेजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बढतीच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असते. आम्ही पंप खोलून परत बसवू, पण इंग्रजीतली क्रियापदं? बाप्पा! जुळ्या भावांसारखी. कोण कोणता, काही समजत नाही. गुरुजी शाळेतून रिटायर झाले होते. दर रविवारी आपल्या ओसरीत आम्हाले बसवत. फी नाही, काही नाही. 'चहा घरून पिऊन या' एवढीच अट.

अन् गुरुजींची एक रीत होती. जो चुकला, त्याचं नाव वाक्यात. मी रजेच्या अर्जात लिहिलं, 'आय ॲम लेइंग इन द हॉस्पिटल.' गुरुजी इतके हसले का चष्मा मांडीवर पडला. म्हणाले, 'वासुदेव, किती अंडी दिली गा?' मंग समजावलं. ठेवायचं, अंडं घालायचं, ते ले. माणूस आपला पडून राहते, ते लाय. अन् जाड वहीत लिहून ठेवलं: 'वासुदेव लाइज ऑन द कॉट. द हेन लेज ॲन एग.' कोंबडीच्या शेजारी माह्यं नाव! आठ दिवस कँटीनमधे सगळे मले कुकुचकू करत. पण त्यानंतर मी ते कधी चुकलो नाही.

ही शांताबाई समोर बसली आहे. रामदासपेठेत एका दवाखान्यात आया आहे. मराठीत आपण सगळंच ऐकतो, म्हणून ती हिअर अन् लिसनमधे गडबडायची. गुरुजींनी लिहिलं, 'शांताबाई हिअर्स द बेल, बट शी डज नॉट लिसन टू द सिस्टर.' घंटी कानावर पडते, ते हिअर. कान देऊन ऐकलं, ते लिसन. शांताबाई अशी भडकली! 'काहून हो गुरुजी, मी सिस्टरचं ऐकत नाही काय?' गुरुजी म्हणाले, 'ऐकतेस बाई. पण तुझ्या मर्जीनं.'

राजाराम वायरमनची सायकल चोरीले गेली, त्यानं ती रॉब झाली म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, 'नाही गा. वस्तू चोरली तर स्टील. माणसाले लुटलं तर रॉब.' गेलं राजारामचंही नाव वहीत. मी एकदा विचारलं, 'गुरुजी, नावं कायले लिहिता?' म्हणाले, 'तुमच्या चुकीवर पुढचे लोक शिकतील. मंग तुमचं नाव नको?'

एका रविवारी हे अध्यक्षसाहेब आले. तेव्हा साहेब प्राध्यापक होते, प्राचार्य मागाहून झाले. गुरुजींनी आपली खुर्ची दिली अन् स्वतः पायरीवर बसले. गुरुजींच्या पोरीनं, सुमननं, पोहे केले. 'चार दिवस पाहतो' म्हणून साहेब वही घेऊन गेले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, वही काही आली नाही.

मंग एक दिवस आमच्या कँटीनमधे एक जण इंग्रजी व्याकरणाचं नवीन गाइड मोठ्यानं वाचून राहिला होता. 'वासुदेव लाइज ऑन द कॉट.' मी चहा तसाच टाकून उठलो. पुस्तक हिसकून घेतलं. पानोपानी आम्हीच! मुखपृष्ठावर साहेबांचं नाव. अन् प्रस्तावनेत काय, ऐका: 'उदाहरणांतील सर्व नावे काल्पनिक असून ती प्रस्तुत लेखकाला सुचलेली आहेत.' सुचलेली! एवढा शिकलेला माणूस, पण त्याले वाटलंच नाही का शांताबाई, राजाराम ही खरी माणसं असतील. आपल्यासारख्यांची नावं त्यांना गमतीची वाटली असतील.

मी पळत गुरुजींकडे आलो. म्हटलं, 'चला त्यांच्या घरी, आता होऊनच जाऊ द्या.' गुरुजींनी मले बसवलं. म्हणाले, 'सुमन त्यांच्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे. नोकरी अजून पक्की नाही. मी आहो तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. घे माझ्या गळ्याची शपथ.' मी शपथ घेतली. सगळ्यांनी घेतली.

अन् मंडळी, त्यानंतर काय झालं, माहीत आहे? वही तर नव्हती. गुरुजींनी तेच पुस्तक दुकानातून विकत आणलं, त्याले खाकी कव्हर घातलं, अन् त्यातूनच शिकवू लागले. एक नवीन पोट्टी म्हणाली, 'गुरुजी, हे लेखक किती हुशार आहेत!' गुरुजी म्हणाले, 'हो बाई, आहेत.' मी बाजूले बसलो होतो. माही शपथ मले गिळून राहिली होती. सात वर्षं गिळली मी ती.

आज ती शपथ सुटली. गुरुजींबरोबर गेली.

अन् सुमनची नोकरी म्हणाल, तर तिनं काल राजीनामा दिला. मी म्हटलं, 'पोरी, घाई करू नको.' म्हणाली, 'काका, बाबांनी माझ्यापायी तोंड शिवून घेतलं. त्या खुर्चीवर मी आता कशी बसू?' साहेब, तुमच्याजवळ आम्हाले धाक दाखवायले तेवढीच एक पोरगी होती. आता तीही नाही.

मले कोणी म्हणन, मेलेल्या माणसाच्या सभेत असं बोलू नये. काहून बोलू नये? साहेबांनी वही स्टील केली. गुरुजींना रॉब केलं. पाहा, राजारामची चूक मी केली नाही. अन् पुढच्या महिन्यात त्याच पुस्तकाची नवीन आवृत्ती येऊन राहिली. तिच्यावर कोणाचं नाव राहीन, ते आजच ठरलं पाहिजे. उद्या नाही. याच हॉलमधे.

साहेब, उठता कायले? बसा. खुर्ची दिली आहे आम्ही तुम्हाले. अध्यक्षांनी मधातून जाऊ नये.

शांताबाई, उठ वं. राजाराम, उठ गा. मागं ज्यांची ज्यांची नावं पुस्तकात आहेत, सगळे उठा. बाप रे, किती जण! पाहा साहेब, ही तुम्हाले सुचलेली माणसं. घामाचा वास येऊन राहिला ना? काल्पनिक माणसाले घाम येत नाही.

तुमच्याकडून माफी नको. तुम्ही माफी मागा, असं गुरुजी कधी म्हणाले नाही, आम्हीही म्हणत नाही. अध्यक्षांचं शेवटचं बोलणं बाकी आहे. त्यात एकच वाक्य बोला, का हे पुस्तक वामनगुरुजींचं आहे. मराठीत बोला का इंग्रजीत, तुमची मर्जी. आम्हाले दोन्ही समजते.

गुरुजी, तुमची शपथ पुरी पाळली. आता माह्या मनासारखं करू द्या. तुमच्या पायाशी डोकं ठेवतो.

मंडळी, आता मौन. सगळे उभे राहा. दोन मिनिटांचं नाही, घड्याळ कोणी पाहू नका. साहेब ते वाक्य बोलेपर्यंतचं.