माशांची सोयरीक

बंदराच्या कचेरीत रांग लागली होती. जाळी विणणाऱ्या मावशींच्या पुढे दोघं भावंडं उभी होती. थोरला आपली होडी मोडीत द्यायला आलेला, धाकटी प्रयोगशाळेत माशांचं रक्त तपासणारी. मनात नाम घेता घेता मावशींचे कान तिकडे कधी वळले, त्यांनाही कळलं नाही.

“आणखी एक हंगाम थांबू का गं? उत्तरेचा मासा येईल की खाली.”

“नाही यायचा, दादा.”

“अगं, मासा तर तोच.”

“दिसायला तोच. रक्तातली प्रथिनं निराळी. पिढ्यान्‌पिढ्या ते एकमेकांत मिसळलेलेच नाहीत. आपले होते ते इथलेच, आणि ते संपले.”

“मग हे तेव्हाच सांगायचंस.”

“सांगितलं होतं. तू म्हणालास, बाईसाहेब आता माशांच्या सोयरिकी बघायला निघाल्या.”

“असं म्हणालो मी?”

“सगळा धक्का हसला होता. मीसुद्धा.”

“तू कशाला हसलीस?”

“तुझी जाळी भरून आली होती, दादा. किती खुशीत होतास तू.”

खिडकीतून पुकारा झाला. थोरला हलला नाही. मग हळूच बाजूला सरला.

“तुम्ही व्हा पुढे, मावशी. आम्हाला काही घाई नाही.”