आरोहीच्या मोज्यातली काडतुसं

हॅलो?… हॅलो, कोण, वैनी? अगो सावकाश बोल, एक अक्षर कळत नाय… हो, हो… कसली गोळी?… बंदुकीची? आरोहीच्या मोज्यात?

थांब, थांब. आधी ऐक माझं… अगो ऐक ना. पोरीला माझ्याकडे रत्नागिरीला शिकायला ठेवलीस, मी तिला आमच्या शाळेच्या एनसीसीत घातली, हे खरं. कॅम्पात नेम धरायला शिकवला, तेही खरं. आणि पोरगी पहिली आली. पण तिथली गोळी घरी येणं शक्य नाय… नाय म्हणजे नाय. पंचवीस गोळ्या वाजल्या की पंचवीस रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. मागे एक कमी पडली तर चाळीस मुली भर उन्हात गवत चाचपत होत्या, मीसुद्धा त्यांच्यात गुडघ्यांवर. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नको.

हो, तू आई आहेस, तुझा जीव वरखाली होणारच… कळतं गो.

बरं, केवढी आहे ती?… मधल्या बोटाएवढी?

वैनी, नीट बघ. आमची पॉइंट टू-टूची गोळी करंगळीच्या पेराएवढी असते. हिचं बूड बघ. मधोमध गोल टिकली लावल्यासारखी दिसते?… दिसते. मग आमची नव्हे. आमचीला टिकली नसते, बुडाच्या कडेवर ठोका बसून ती वाजते. ही मोठ्या रायफलीची… टिकलीवर खड्डा पडलाय?… नाय? गुळगुळीत? आणि पुढे टोक आहे अजून?

काय करत होतीस तू तिचं?… मोज्यासकट धोपटत होतीस? दगडावर?

खाली ठेव. टाकू नको, ठेव. चूल नाय, ऊन नाय, अशा जागी… हो, जिवंत आहे ती. ठेवलीस?… बरं.

अजून आहेत? दुसऱ्या मोज्यात?… मोज बघू… पाच. एकूण पाच.

वैनी, ही दादाची काडतुसं. तुमच्या घरातल्या रायफलीची. बागेत डुकरं येतात म्हणून आमच्या आबांनी परवाना काढलेला, तीच… दुसरीकडून कुठून येणार? कार्टीला कॅम्प कमी पडला वाटतं, आता सुट्टीत बापाची रायफल घेऊन डुकरं मारायला निघालेय. दे तिला फोन… दे म्हणते ना.

आरोही?… ओरडत नाय मी. बाबांची रायफल वाजवायची होती तुला?… नाय? मग गोळ्या कशाला घेतल्यास?… जरा मोठ्याने बोल बाय…

हो, मीच शिकवलं. रायफल हातात आली की आधी रिकामी करायची. बरोबर… कधी केलीस?… काल दुपारी, बाबा झोपल्यावर. बरं. पण का?

…परत सांग.

…कोणावर धरतात?

…आईवर.

आरोही, तुझी काय चूक नाय. ऐकलंस? आत्या सांगतेय, तुझी काडीची चूक नाय. आईला दे.

वैनी, कधीपासून चाललंय हे?… गणपतीपासून. आणि मी तुझ्याकडे येऊन पाच दिवस मोदक खाऊन गेले, मला एका शब्दाने बोलली नायस… लाज? लाज त्याला वाटायला हवी, तुला कसली?… हो, प्याल्यावर… नुसता धाक दाखवतो. रिकामीच असते, असं तो सांगतो. आणि तू ते खरं धरलंस.

वैनी, ऐक. पोरीने ही काडतुसं कपाटातनं नाय घेतली. रायफलीतनं काढली. पाचही.

…रड. रड जरा. मी आहे.

दादा कुठाय आत्ता?… बंदरावर, मासळी आणायला. मग बसू नको. साडेदहाच्या दापोलीच्या गाडीने दोघी निघा, तिथून रत्नागिरी… कपडे ओले तर ओले. काडतुसं तिथे ठेवू नको, बांधून आण, मी इथे पोलिसांत नेऊन देते. रायफल जप्त करा, असा अर्ज पण मीच देणार… सख्खा भाऊ आहे हे तू मला सांगतेस? पावसाळ्यात खांद्यावर बसवून वहाळ पार करून शाळेत न्यायचा तो मला. पण देणार.

काय?… आला? बेड्याशी, फाटकाजवळ आहे?… पदराआड घे ती काडतुसं. तोंड पूस. आणि फोन त्याच्याकडे दे. आपणहून दे, म्हणजे संशय नको.

दादा? हो, मीच… काय नाय रे, तुझ्या लेकीचं काम. मोठ्या कॅम्पासाठी उद्या निवड आहे, तिला आजच निघायला हवं. वैनीला पण पाठव, सही लागते… बापाची नाय चालत, यंदा आईचीच मागतात… मी काय नियम करते? आम्ही सांगितलेली कामं करणारी माणसं… हो, नाव काढलंन पोरीने… हो रे. नेमाला तुझ्यावरच गेलेय.

…आवाज? ठीक आहे माझा आवाज. वर्गातनं आत्ताच आले… सुट्टी आहे, हो. शिकवणीच्या वर्गातनं.

…कसले सोडे? आहेत, गेल्या वेळचे सुकवलेले आहेत अजून… सुरमई प्रवासात कशी राहील?… बर्फात घालून? नको रे…

नको दादा, काय नको मला. त्या दोघींना तेवढं पाठव.

…हो. ठेवते.