दुसरा हुकूम

रेवसच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे गुलबानू आणि मुंबईला नोकरीवर परतणारी त्यांची लेक नूरैन उभ्या होत्या.

"सकाळी फोनवर कंटेनर-कंटेनर काय चाललं होतं? अब्बा दुबईच्या बंदरात उतरवतात तसले?"

"नाही अम्मी, हे कॉम्प्युटरमधले. सुरू झाले की आत लिहून ठेवलेला हुकूम पाळतात. काम संपलं की बंद."

"आणि दुसरा हुकूम द्यायचा असला तर?"

"सुरू करतानाच द्यायचा. मग लिहिलेला बाजूला राहतो."

"म्हणजे निघण्याआधीच सांगायला हवं. नूरैन, आज नको जाऊस. अब्बा ईदला येत नाहीत. काल फोन आला."

"मग कालच का नाही सांगितलंस?"

"किती दिवसांनी हसत होतीस तू."

बोट लागली. नूरैन मागे वळली.

"काका, तुम्ही व्हा पुढे."