पलंगाची उंची

मुलगी : तीन आठवडे आई हॉलमधल्या सोफ्यावर झोपतेय आणि बाबा, तुम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही?

बाबा : वाटलं नाही कसं? मी घोरतो म्हणून झोप लागत नाही, असं हिनंच सांगितलं. तेव्हापासून रोज नाकात थेंब घालतोय मी.

मुलगी : घोरण्याचा काही संबंध नाही. आज सकाळी चादर घालताना ती तुमच्या नव्या पलंगावर जरा टेकली, तर तिला उठताच येईना. माझा हात धरून उठली. सोफ्याला निदान धरून उठायला हात तरी आहेत.

आई : झालं, सांगून मोकळी! तुझ्या पोटात म्हणून काही राहायचं नाही.

बाबा : उठता येईना? अगं, तुझ्या गुडघ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. जुना पलंग फार बुटका, म्हणून तो मोडीत काढला. ही वही बघ. चाळीस सेंटीमीटरपासून पंचावन्नपर्यंत, फळ्या एकावर एक रचून आठ उंचींवर तुला बसवलं, उठवलं. हातात घड्याळ धरून! शेवटच्या रकान्यात 'त्रास होतो का?' आठही ठिकाणी काय लिहिलंय, तूच वाच गं पोरी.

मुलगी : ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे... आई, सगळीकडे ठीक आहे?

आई : तिकडे गॅसवर दूध होतं. यांचं घड्याळ संपेना.

बाबा : दुधापायी चुकीचं माप दिलंस? सगळीकडे ठीक, म्हणून मी दिसायला बरी अशी त्रेचाळीसची उंची धरली. चार महिने रंधा मारलाय त्यावर. एक खिळा नाही कुठे. तीस वर्षं पूल बांधले, पण इतकं खोटं माप मला कुठल्या कंत्राटदारानंसुद्धा दिलं नाही.

मुलगी : माझ्याकडचं कपाट, माझ्या लेकीचं टेबल, त्यात केसभर चूक नाही तुमची.

बाबा : कारण तुम्ही दोघी तोंड उघडता. तुझ्या लेकीनं तर ते टेबल तीनदा परत पाठवलं.

आई : मी खोटं बोलले नाही. सवय आहे मला.

बाबा : कसली सवय?

आई : तुम्ही विचारायचं आणि मी ठीक आहे म्हणायचं. सहा बदल्या झाल्या. दर वेळी कागद समोर ठेवून तुम्ही विचारलंत, चालेल ना? तिसऱ्या बदलीच्या वेळी माझी शाळेतली नोकरी पक्की होणार होती. तेव्हाही मी ठीक आहेच म्हणाले. त्या दिवशी नाही काढलीत वही.

मुलगी : हे तू मला कधीच बोलली नाहीस.

आई : दीड वर्षाची होतीस. तुला काय सांगणार?

बाबा : मला वाटलं, तुझी खरंच हरकत नव्हती.

आई : तसं वाटून घेणं तेव्हा सोयीचं होतं तुम्हाला. आज पलंग चुकला म्हणून वैतागलात.

बाबा : वैतागलोय. पण तुझ्यावर नाही.

(बाबा वाकून पलंगाचा पाय चाचपतात.)

बाबा : खाली ठोकळे बसवून पाय वाढवता येतील. दहा सेंटीमीटर तरी. जोड दिसेल मात्र.

आई : दिसू दे.

बाबा : किती वाढवायचे ते आज नीट ठरवू. वही नको, घड्याळ नको. बस इथे, आणि उठून बघ.

मुलगी : आई, हात देऊ?

आई : नको, थांब. त्यांना बघू दे.

बाबा : त्रास होतो?

आई : होतो.

बाबा : कुठे कुठे?

आई : आधी तुम्ही बसा. गुडघ्यापासून सुरुवात करते.