फाइली कशाने सादळल्या

— नाही, ते यंत्र ठेवा पर्समध्ये, मॅडम, त्याची काही गरज नाही. अठ्ठ्याहत्तर टक्के दमटपणा ना? मी यंत्राशिवाय सांगतो. टेबलावर तळवा टेकवायचा, चिकटला की समजायचं. बावीस वर्षं या इमारतीची हवा मी सांभाळतोय, सातही मजल्यांची. मालकांनी तुम्हाला तपासणीला पाठवलं — पाठवू देत, बसा त्या स्टुलावर, तेल नाही लागलेलं, मीच बसतो रोज. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. तिसऱ्या मजल्यावर विम्याच्या फाइली सादळल्या, कपाटामागे काळी बुरशी आली, कोरी पाकिटं आपली आपण चिकटून बसली, आणि ओरडा कुणाच्या नावानं? एसीवाल्याच्या. अहो, एसीचं काम गार करणं. वर गार आहे की नाही? तुम्ही स्वतः कोट काढला नाहीत, मी बघत होतो ना.

आणि ती माणसं बघितलीत का वरची? खिडकीपाशी एक बाई बसते, तिला उकडतं. तिच्यामागे हिशेबनीस, त्याला हुडहुडी भरते. त्यानं छतातल्या जाळीवर कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवलाय — स्वतःच्या हातानं, खुर्चीवर चढून — आणि वर्दी काय देतो, तर हवा येत नाही. तुम्हाला हसू येतंय. मलाही यायचं, पहिली दोन वर्षं.

आता एक गंमत सांगतो, तुमच्या कॉलेजात शिकवली नसणार. माणसाला गारवा नको असतो, आवाज हवा असतो. कसं आहे — खोली पुरेशी गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, त्याच्याबरोबर पंखाही थांबतो, ऑटो म्हणतात त्याला, तुम्हाला माहीतच आहे. पण पंखा थांबला रे थांबला की पाचव्या मिनिटाला फोन — काका, एसी बंद पडला. काय बंद पडलाय? कान बंद पडलेत तुमचे. दिवसातून पंधरा फोन. मग मी काय केलं? या फळीवरची तिसऱ्या मजल्याची कळ ऑटोवरून काढली आणि कायमची चालूवर टाकली. कॉम्प्रेसर जागा असो नाहीतर झोपलेला, पंखा आपला दिवसभर घूं घूं. लोक खूश. चार महिने झाले, एक फोन नाही. याला म्हणतात डोकं, आणि याला पदवी लागत नाही.

— बुरशी कधीपासून? झाले असतील की तीन महिने. सव्वातीन. त्याचा याच्याशी काय संबंध?

दोष कुणाचा ते मी लेखी दिलंय. लादी पुसणाऱ्या मावशी. ओल्या फडक्यानं पुसतात, दिवसातून दोनदा, बादल्याच्या बादल्या — ते पाणी कुठं जाणार? हवेत. सरळ गोष्ट आहे. मंगळवारी मी कागद दिला, बुधवारपासून त्यांना घरी बसवलं. फडकं पिळलं, बादलीवर वाळत घातलं आणि गेल्या. आता तुम्ही तपासून तसंच लिहिलंत की कायमच्या जातील, विषय संपला. अकरा वर्षं पुसत होत्या — हो, अकरा वर्षं बुरशी नव्हती, कळतं मला, मी काही दुधखुळा नाही. तुम्ही फार सरळ विचारता, मॅडम.

अगदी आमच्या सूनबाईसारखं. लग्नाला दोन महिने झालेत तिच्या. एरवी बोलणं कमीच, पण बघते — अशी बघते की आपल्याला शर्टाची बटणं चाचपावीशी वाटतात. जेवताना मी ही आवाजाची गंमत सांगितली. मुलगा हसला, आमची ही हसली, सूनबाई नाही. वाढता वाढता म्हणते, बाबा, पंखा थांबतो तेव्हा एसीच्या गार नळ्यांवर जमलेलं हवेतलं पाणी खाली निथळून जात असेल ना? मग तो थांबलाच नाही तर? मी ओले कपडे पंख्याखाली टाकते तसंच होणार — पाणी परत खोलीतच. मी म्हटलं, सूनबाई, पाणी मागितलं होतं मी, वाढ आधी. कानामागून आली नि तिखट झाली. सासऱ्याला हवा शिकवते.

तसा मी सोमवारी वर जाऊन बघून आलो — तिनं सांगितलं म्हणून नव्हे, माझी पद्धतच आहे ती. पाणी बाहेर जायची नळी असते ना, तिच्याखाली पूर्वी दिवसाला बादली भरायची. हात लावला तर जेमतेम ओल.

— कोणता सोमवार? गेला. म्हणजे... चौघं एकत्र जेवतो ते रविवारीच, तर त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मंगळवारच्या — हो, मंगळवारच्या आधीच येतो सोमवार, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

ते काय लिहिताय? वार कशाला लिहायला हवेत? खोडा ते. मॅडम, बावीस वर्षांत माझ्या नावावर ठपका नाही. एक नाही. मी निवृत्त होतोय या वर्षी, या बिनडोक इमारतीनं मला एक हार घालावा एवढंच — आणि त्या मावशींना काय, दुसरीकडे मिळेल काम, लादी काय सगळीकडे असते. तुम्ही हवा तपासायला आलात ना? मग हवा तपासा. माझे वार मोजू नका.

— त्यांचा पत्ता? मला कसा ठाऊक असणार.

नाव... नाव काय. मावशी. अकरा वर्षं मावशीच म्हणतोय आम्ही सगळे. मी दिलेल्या कागदावरही तेच आहे, मावशी, तिसरा मजला. तुमच्या कागदाला चालत नसेल तर वर विचारा कुणाला तरी, त्या खिडकीवालीला, त्या पुठ्ठेवाल्याला — बघू त्यांना तरी येतं का सांगता.

जा आता. जिना समोर आहे.