तिसऱ्या लेनची पोरगी

थानताई : पोरगी तिसरी आली आणि तू माझ्या टपरीवर अख्ख्या वर्गाला गोगलगायीच्या रश्श्यातल्या शेवया खिलवतोस? टॉवेल वाळत घालताना ऊन लागलं काय रे, मो?

मो : ताई, तिसरीच ये म्हणून मीच सांगितलं होतं लियानला. बिचारीला हात आवरता आवरेनात. दुसरी आली असती तर शेवयांऐवजी माझ्या शिव्या खाल्ल्या असत्या तिनं.

थानताई : मागं राहायला शिकवणारा मास्तर पहिल्यांदा बघतेय.

मो : आज पहिली आली तिला उद्या अंतिम फेरीत चौथी लेन. दुसरीला पाचवी. तिसरीला तिसरी. मला तिसरीच हवी होती. पहिली कोण आलीय?

थानताई : फेईची मुलगी. सगळं ल्यूचौ शहर नाचतंय.

मो : बापासाठीही असंच नाचलं होतं. आणि त्या बापाच्या पुढं रोज पोहत कोण होतं? मी. फेई वळण घ्यायचा तेव्हा तलावातलं पाणी उसळून रस्त्यापलीकडच्या शेवयांच्या दुकानात जायचं. दुकानदार त्याचाच रस्सा करून विकायचा.

थानताई : मागच्या खेपेला ते पाणी पोलीसचौकीत गेलं होतं.

मो : ते दुसऱ्या वळणाचं. ऐक तर. आमच्या मास्तरांनी मला त्याचा सराव-सोबती केलं. म्हणाले, तू पुढं पोह, तो तुला गाठेल. शेवटी हात सैल सोड, पुढच्या वर्षी तुझी पाळी. फेई श्वास घ्यायचा तो फक्त उजवीकडं तोंड वळवून. म्हणून मला कायम पाचव्या लेनमध्ये घालत. परतीच्या लांबीत मी बरोबर त्याच्या उजव्या हाताला. मला बघत बघत तो मोठा झाला.

थानताई : आणि तुझी पाळी?

मो : ती अजून रस्त्यातच आहे. तो जिंकला, टीव्हीवर म्हणाला, मी एकट्यानं सराव केला. एकट्यानं, ताई! त्याच रात्री मी ठरवलं. राष्ट्रीय स्पर्धेत प्राथमिक फेरीला मुद्दाम तिसरा आलो. मास्तर हसले, घोडं थकलं म्हणाले. अंतिम फेरीत मला तिसरी लेन, म्हणजे शेवटच्या परतीला मी त्याच्या डाव्या हाताला. तो उजवीकडं मला शोधतोय, मी कुठंच नाही. त्याला वाटलं, मो मागं पडला. भिंतीला हात लावून त्यानं वर बघितलं, तर मी टोपी काढून बसलोय.

थानताई : मग सूड झाला की तुझा.

मो : अर्धा. महिन्याभरात त्यानं वरच्या साहेबांना सांगितलं, मोचा गुडघा गेलाय, आणि मला संघातून काढलं. माझा गुडघा आजही तुझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हापासून मी इथं टॉवेल मोजतो आणि पोरांना पाय मारायला शिकवतो.

थानताई : पण फेईच्या पोरीचा काय दोष?

मो : माझा काय होता?

(फेई येतो. हातात पपनसांची जाळी.)

फेई : मोदादा, ओळखलंत का?

मो : या, फेईसाहेब. अंधारातही ओळखेन. काय काम काढलंत?

फेई : मुलीसाठी आलोय. उद्या जिंकली तर राष्ट्रीय संघात जाईल, हरली तर वय निघून जाईल. तुमच्याइतकं बारीक बघणारं कुणी नाही. खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही कुठून पुढं आलात, मला अजून उमगलं नाही.

मो : शेजारूनच आलो. पोरगी श्वास कुठल्या बाजूनं घेते?

फेई : उजव्या. फक्त उजव्या, माझ्यासारखाच. तिचे मास्तर म्हणतात, शेवटच्या लांबीत दोन्हीकडं घे. तुमचा शब्द ती ऐकेल. सांगा, बदलायला लावू?

थानताई : मो.

मो : ताई, साहेबांना शेवया वाढ.

थानताई : मो, अरे…

मो : काही बदलू नका, फेईसाहेब. बापाचं आहे तिच्यात, राहू दे तसंच.