टाकीवरची उर्दू फरशी आणि हनीफमामांचा निरोप

समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष माननीय गुंडप्पासाहेब, मंचावरील सर्व मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे पाणीपुरवठ्याचे हनीफमामा, आणि जमलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

मी आदर्श. दहावीपर्यंतच शिकलो, म्हणून भाषण लिहून आणले आहे. उद्यापासून मामांच्या जागी मी पाणी सोडणार.

मामांनी छत्तीस वर्षे गावाला पाणी दिले, हे सर्वांनी सांगितले. मागच्या सतरा सप्टेंबरचे कोणी काढले नाही. सौजन्याने राहून गेले असेल.

मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी टाकीवरची निजामाच्या काळातली, उर्दू मजकूर कोरलेली फरशी काढायचे ठरले. गुलामीची खूण! इतकी वर्षे आपण त्या टाकीचे पाणी प्यायलो आणि एकाचाही अभिमान दुखावला नाही, केवढी ही गफलत! मामा म्हणाले, "साहेब, यात निजामाची तारीफ न्हाई. पाणी कसं सोडायचं ते लिवलंय."

साहेब म्हणाले, "मामा, निजाम गेला. आता तुम्ही पण सुधरा."

"गेला की साहेब. पाइप त्याचेच हायत."

सगळे हसले. मीही हसलो. फरशीचे सहा तुकडे झाले आणि तिथे स्वयंचलित यंत्रणेची पेटी बसली.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर साहेबांनी बटण दाबले. आधी हवा बाहेर सोडावी, मग मोठे चाक पाव-पाव फेऱ्याने उघडावे, असे फरशीवर होते. पण प्रगतीला एवढा धीर कुठला? पाइप मैदानातच फुटला. "मराठवाड्याचा विकास आता कोणी रोखू शकत नाही," हे वाक्य साहेबांनी घोटाभर पाण्यात उभे राहून पूर्ण केले. सरजाबाई मागून ओरडल्या, "नळाला न्हाई तर न्हाई, मैदानात तरी आलं बया!" झेंड्याला सलाम करून आलेले मामा पांढऱ्या सदऱ्यानिशी खड्ड्यात उतरले आणि त्यांनी पाणी बंद केले.

पेटी तेव्हापासून बंद आहे. तिचा हार मात्र आम्ही दर सणाला बदलतो.

मामांना मुदतवाढ द्यावी, असा अर्ज मी दोनदा दिला. "यंत्रणा असताना माणसाची गरज नाही," असे उत्तर आले. मग मामांच्या तोंडून एकेक व्हॉल्व्हची रीत मी वहीत उतरवली. पूर्वेकडचा तेवढा राहिला. मामा म्हणतात, "ते सांगून न्हाई कळत पोरा, हाताला कळतं." उद्या पहाटे पूर्वेकडचीच पाळी आहे. नऊशे घरे.

म्हणून हात जोडून विनंती. अजून चार मान्यवर बोलायचे आहेत, नंतर मिरवणूक आहे. ते सर्व मामांशिवाय व्हावे. उजेड आहे तोवर मी त्यांना टाकीवर नेतो.

आपण ऐकून घेतलेत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झाले असेल तर लहान समजून पदरात घ्या. उद्या पाण्यात झाले तर मात्र घेऊ नका.

मामा, शाल राहू द्या अंगावर. चला.